पाचवीचा कागद

कोथरूड, पुणे
१२ जून २०२३

ती. वेणूमावशी,

नमस्कार. फोनवर तू सगळ्यालाच "हो हो, बरं बरं" म्हणतेस आणि फोन ठेवल्यावर शेजारच्या शंभूला विचारतेस की ती काय म्हणाली. म्हणून या वेळी कागदच घेतला. कानाचं यंत्र कपाटात ठेवून ऐकू येत नसतं, असं आमोदनं तुला कळवायला सांगितलंय. नवरा असला तरी तो पुण्याचा आहे, मनावर घेऊ नकोस.

स्पृहा बरी आहे. म्हणजे आमच्या घरात ज्याला "बरी" म्हणतात तशी. पाच वर्षं चार महिन्यांची झाली. मान आता बऱ्यापैकी धरते, पण हात ठिकाणावर राहत नाहीत. समोर वाटी ठेवली की हात वाटीकडे निघतो आणि वाटेतच भलतीकडे वळतो, मग तिचा तिलाच राग येतो. कानात मशीन आहे, तरी आवाज तिला गोंधळल्यासारखे ऐकू येतात म्हणे. तुम्ही दोघी एकमेकींना शोभता. हसते मात्र खूप. कपडे वाळत घालताना मी टॉवेल झटकला की हसते. रोज तोच टॉवेल आणि रोज तेवढंच हसू.

गेल्या आठवड्यात एका नवीन डॉक्टरबाईंकडे गेलो. लहान मुलांच्या मेंदूच्या डॉक्टर. आतापर्यंतच्या सगळ्यांनी फायली पाहिल्या, यांनी स्पृहाला पाहिलं. सतरंजी टाकून तासभर तिच्यासमोर जमिनीवर बसल्या होत्या. लाल चेंडू घेतला, डावीकडे नेला, उजवीकडे नेला. तिचे डोळे बरोबर मागे गेले. मग वर नेला. डोळे वर गेलेच नाहीत. मला म्हणाल्या, "हिला नजर वर करता येत नाही. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का?" नव्हतं सांगितलं. मला वाटायचं ती लाजते. तू दिवाळीत आली होतीस, तेव्हा फ्रॉक घेऊन तिच्यापुढे उभी राहिलीस आणि ती तुझ्या गुडघ्यांकडेच बघत बसली. तू केवढी रुसलीस! तिला दिसतच नव्हतीस गं तू.

मग त्यांनी तिचे दात पाहिले, ऐकण्याचे रिपोर्ट पाहिले आणि विचारलं, "पहिल्या आठवड्यात हिला कावीळ झाली होती का? खूप पिवळी पडली होती?" म्हणाल्या, थोडी कावीळ बहुतेक बाळांना होते आणि जाते. पण फार चढली आणि वेळेवर उपचार झाले नाहीत, तर तो पिवळेपणा मेंदूत उतरतो. हातपाय ताब्यात ठेवणारा भाग, ऐकण्याचा, नजर वर नेण्याचा, नेमका तिथेच जाऊन बसतो. एकदा बसला की निघत नाही. एवढं सगळं एकत्र दिसलं की त्या आधी कावीळच विचारतात.

मी म्हटलं, मला आठवत नाही. टाके, ताप, त्या गोळ्या, आणि आई जाऊन जेमतेम चार महिने झालेले. तू नसतीस तर माझं बाळंतपण कुणी केलं असतं, देव जाणे. रोज सकाळ-संध्याकाळ तिला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचीस ती तू. तिचं उघडं अंग नीट पाहिलेली तू एकटी. हॉस्पिटलचं कार्ड सापडत नाही, आणि ते नर्सिंग होम बंद होऊन तिथे आता जिम झालीय. दुसरं विचारावं असं कुणीच उरलं नाही.

तेव्हा आठवून सांग. पिवळी होती का? हो की नाही, एवढं लिहिलंस तरी पुरे. उत्तराची वाट बघतेय.

तुझी
ऋतुजा


अमरावती
२० जून २०२३

चि. ऋतुजा,

आशीर्वाद. जावयांना सांग, यंत्र कपाटात नाही, उशीखाली आहे. कानात घातलं की शंभूची मोटरसायकल थेट डोक्यातच सुरू होते. त्यापेक्षा बहिरी बरी.

पत्र तीनदा वाचलं. चेंडूचं वाचलं आणि तो दिवाळीचा फ्रॉक आठवला बाई. मी त्या दिवशी त्या लेकरावर रुसले! पस्तीस वर्षं शाळेत पोरं शिकवली आणि एवढी अक्कल आली नाही.

आता कावीळ. नव्हती. काहीही नव्हतं. केतकीच्या पातीसारखी पोट्टी होती तुझी. नात्यातली, गल्लीतली एकोणचाळीस बाळं मी या पायांवर न्हाऊ घातली, एकाचंही नख वाकडं झालं नाही. लोक आधी माझी तारीख विचारत, मग दवाखान्याची. डाळीचं पीठ, साय आणि हळद, पहिले दहा दिवस रोज. त्यानं अंगाची लव जाते, कांती उजळते. तेव्हा थोडं हळदीचं अंग दिसणारच, हे तुझ्या डॉक्टरणीला सांग. आजारी बाळ किरकिर करतं. तुझी पोट्टी इतकी गुणी की उठवून पाजावं लागे. सोसायटीतल्या बायका म्हणत, काय शांत बाळ आहे बाप्पा.

मला विचारशील तर हे रक्तातलं आहे. लिहिणार नव्हते, पण तू विचारूनच राहिली म्हणून लिहिते. माझा आणि तुझ्या आईचा एक धाकटा भाऊ होता, दिगंबर. तू पाहिला नाहीस, तो अकराव्या वर्षीच गेला. त्याचेही हात असेच जायचे. बोलणं नाही, चालणं नाही. तुझ्या आईनं तुला सांगितलं नसेल, आमच्या वेळी असं कुणी सांगत नसे. आपल्या घरात आहे ते. सटवाई लिहून जाते, आपण वाचायचं. कुणाच्या हातची गोष्ट नाही.

तू उगाच स्वतःला दोष लावू नको. आणि ते डॉक्टर बदलत फिरणं पुरे कर आता. स्पृहाला माझा पापा दे.

तुझी
वेणूमावशी


कोथरूड, पुणे
२९ जून २०२३

ती. मावशी,

पत्र मिळालं. डॉक्टरबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी दोन ओळी लिहून घेतल्या: कावीळ नव्हती. आईच्या सख्ख्या मामाला असाच त्रास होता. मी म्हटलं, मला मामा नाही, म्हणजे हो, माझ्याच मामाला. मला मामा होता हे मला छत्तिसाव्या वर्षी कळलं आणि तेही डॉक्टरांसमोर.

आता तुला खरं सांगते. पहिलं पत्र लिहिलं तेव्हाच मला दिवस गेलेले होते. आज नववा आठवडा आहे. आधी तुझं उत्तर यावं, मग सांगावं असं वाटत होतं. उत्तर चांगलं आलं असतं तर बातमीही चांगली झाली असती.

कावीळ होती असं निघालं असतं तर डॉक्टरबाई सरळ म्हणणार होत्या, हे पहिल्या आठवड्यात झालं, पोटात नाही, दुसऱ्या बाळाला लक्ष ठेवून सांभाळता येईल. आता तसं म्हणता येत नाही. रक्ताच्या तपासण्या मागच्या वर्षीच झाल्यात, त्यांत काही सापडलं नाही. पण सापडलं नाही म्हणजे नाही, असं नसतं म्हणे. घराण्यात आधी एक मुलगा तसाच होता म्हटल्यावर पुन्हा होईल की नाही, कुणी लिहून द्यायला तयार नाही. सासूबाई चहा गाळता गाळता म्हणाल्या, "आमच्याकडे असं कुणी नव्हतं हो. आपलं सांगून ठेवलं." आणि गाळणी धुवायला टाकली.

मावशी, मला हे बाळ हवंय. लिहूनच टाकते, कारण बोलायला गेलं की रडू येतं. आम्ही दोघं गेल्यावर स्पृहाच्या केसांतून फणी फिरवायला कुणीतरी हवं, हे आहेच. पण तेवढ्यासाठी नाही. मला पुन्हा एकदा कुणीतरी "आई" म्हणून हाक मारलेली ऐकायची आहे. म्हणजे पहिल्यांदाच.

आणि भीती वाटते. स्पृहाला उचलून उचलून माझी पाठ गेलीय. आमोद ऑफिसमधून घरूनच काम मागून घेतो, तरी दोघं मिळून एकीला पुरत नाही. दुसरंही असं झालं तर दोघांना कोण उचलणार? मी स्पृहाला कमी लेखत नाही. देवाशपथ नाही. पण जे तिनं सोसलंय ते माहीत असून मी आणखी एकाला त्यात ढकलू का? आमोद म्हणतो, तू ठरवशील ते. हे "तू ठरव" किती जड असतं, त्याला कळत नाही.

एकवीस जुलै, शुक्रवार, सकाळी साडेदहा. बाळ नकोच असं ठरलं तर म्हणून तारीख घेऊन ठेवलीय. रद्द करता येते, असं रिसेप्शनवरची मुलगी दोनदा म्हणाली. चांगली होती बिचारी.

दिगंबरमामाचं आणखी काही आठवत असेल तर लिही.

ऋतुजा


अमरावती
६ जुलै २०२३

माझे बाई ऋतुजा,

अगं, किती मोठी गोष्ट लपवून राहिली तू माझ्यापासून! पत्र वाचलं आणि देवापुढे साखर ठेवली. मग पुढचं वाचलं आणि लगेच हा कागद घेतला.

असं काही करू नको. तारीख रद्द कर. आजच कर. दिगंबरचं जे लिहिलं ते विसरून जा. त्याला तिसऱ्या वर्षी ताप आला होता, आठ दिवस शुद्धीवर नव्हता. त्याआधी तो अंगणात कोंबड्यांमागे धावत होता, मी स्वतः पाहिलेलं आहे. त्याचा आणि स्पृहाचा काही संबंध नाही. म्हातारीचं डोकं, भलतंच लिहून गेले. तुझ्या डॉक्टरणीला सांग की मावशीनं चूक केली.

या बाळाला काही होणार नाही. मी सांगते न. तुझ्या आईच्या जागी आहे मी, माझ्यावर विश्वास ठेव. नीट खा, जड उचलू नको, स्पृहाला जावयांना उचलू दे.

यंदा अधिक महिना आहे, अठरा जुलैला लागतो. तुझी आई असती तर जावयाला वाण दिलं असतं, आता ते माझ्याकडे. तेहतीस अनारसे करून पाठवते. तांदूळ भिजत घालते या आठवड्यात. तोंड गोड करा दोघं.

तुझी
वेणूमावशी


कोथरूड, पुणे
११ जुलै २०२३

ती. मावशी,

एका पत्रात रक्तातलं आहे, दुसऱ्या पत्रात नाही. एकदा सटवाई, एकदा ताप. यातलं मी कुठलं धरू?

तुझं पत्र घेऊन पुन्हा गेले होते. डॉक्टरबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मामाला तापानं झालं असेल तर चांगलंच आहे. पण मग हिला कशानं झालं? ते माहीत नसताना मी तुम्हाला धीर कशाच्या जोरावर देऊ?" बरोबरच आहे त्यांचं.

काही होणार नाही, असं तू म्हणतेस. कशावरून म्हणतेस? तुझ्याजवळ काही "कशावरून" असेल तर लिही. नसेल तर मावशी, हात जोडते, धीर देऊ नकोस. धीर देणारी माणसं माझ्याकडे भरपूर आहेत, लिफ्टमध्ये भेटतात.

पत्राला वेळ लागणार असेल तर शंभूला फोन लावायला सांग. तो बोलेल, मी ऐकेन. एकवीसची सकाळ अजून तशीच आहे.

ऋतुजा


अमरावती
१५ जुलै २०२३

चि. ऋतुजा,

तू "कशावरून" विचारलंस. लिहिते. मधे थांबले तर पुन्हा पेन हातात धरवणार नाही, म्हणून एकदमच लिहिते.

स्पृहा पिवळी होती.

तिसऱ्या दिवशी तुम्ही तिला घरी आणलं तेव्हा थोडीशीच होती. हॉस्पिटलवाल्यांनीही कार्डावर लिहिलं होतं. खोलीच्या दोन्ही खिडक्यांना मी चादरी लावल्या होत्या, फेब्रुवारीचा वारा लागू नये म्हणून, आणि तो एकच लहान दिवा. त्यात रोज हळदीचं उटणं. कुणाला काय दिसणार? पण चौथ्या दिवशी मी तिचं अंग धुतलं, पाणी स्वच्छ निघालं, तरी ती पिवळीच. नाकाच्या शेंड्यावर बोट दाबून बघितलं. पिवळं. तळपायही पिवळे. मी मनाशी म्हटलं, हळद मुरली आहे. एकोणचाळीस बाळांची मावशी, तिला हळद आणि कावीळ यांतला फरक कळत नाही काय? कळत होता. पण दुसऱ्या दिवशी पाचवी होती. पाचवीचं बाळ उंबऱ्याबाहेर काढत नाहीत. माझ्या हाताखालच्या एकाही बाळाचं मी ते मोडलं नव्हतं.

सकाळी आमोद चपला घालून दारात उभे होते. "मावशी, डॉक्टरांनी आज दाखवायला बोलावलंय." मी म्हटलं, अहो जावई, ते सगळ्यांनाच बोलावतात, बारसं झालं की जा, आत्ता मला पूजेला फुलं आणि विड्याची पानं आणून द्या. ते गेले बिचारे मंडईत. नवीन माणूस, सासू नाही, मावससासूचा मान ठेवला त्यांनी. त्यांना बोल लावू नको.

कार्ड तुला सापडत नाही न? ते माझ्याकडे आहे.

पूजेला पाटा मांडला, वरवंटा ठेवला. सटवाईला लिहायला कोरा कागद लागतो, पेन लागतं. तुमच्या घरात सगळं लॅपटॉपवर, एक कोरा कागद मिळेना. उशाशी ते कार्ड होतं, पाठकोरं, चांगलं जाड. मी ते पालथं घालून पाट्यावर ठेवलं, वर हळदकुंकू वाहिलं. वाचलं नव्हतं असं नाही. वाचलं होतं. "पाचव्या दिवशी सकाळी बाळाला दाखवायला आणणे. नक्की." नक्कीखाली रेघ. ती बाजू खाली आणि कोरी बाजू वर. पूजेचा कागद टाकून देत नाहीत, म्हणून तो मी पिशवीत घालून अमरावतीला आणला. साडेपाच वर्षं माझ्या देवघरात आहे. या पत्रासोबत पाठवते.

सातव्या दिवशी ती कमान करून ताणू लागली. रडणं एकदम बारीक, चिरकं. मी म्हटलं, अंग देऊन राहिली, वाढीचं आहे. उठवून पाजावं लागे, त्याला मी गुणी म्हटलं. दोन आठवड्यांनी पिवळेपणा उतरला आणि मला इतकं हलकं वाटलं की मी शिरा केला. आठवतो तुला तो शिरा? तू म्हणालीस, मावशी आज काय विशेष?

मग आठव्या महिन्यातही ती मान धरेना. मी तेव्हापासून मनात एक दार लावून ठेवलं होतं. तुझं जूनमधलं पत्र आलं आणि त्यात सगळं नीट लिहिलेलं होतं, कावीळ कुठे जाऊन बसते, काय काय नेते. मला त्या क्षणी कळलं. आणि मी "नव्हती" असं लिहिलं. वर दिगंबरला पुढे केलं. मेलेला भाऊ, तो काय बोलणार? तुझ्या आईचा एवढा लाडका होता तो, तिला काय वाटलं असेल?

तुला दिवस गेलेत हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर खरं लिहिलं असतं काय? लिहिलं असतं असं वाटतं. पण आता माझ्यावर माझाच विश्वास नाही.

फोन करवला नाही. शंभूच्या तोंडून हे तुला सांगू? अख्खी गल्ली मला बाळंतपणाला नेते. हेही खरं कारण लिहिते, दुसरं नाही.

तुझ्या पोटात काही खोट नाही, पोरी. रक्तात नाही. खोट माझ्या हातात होती. बाळ ठेव. आणि हे जन्मलं की त्याला कुणाच्या पायांवर देऊ नको, सरळ उजेडात धर.

वेणूमावशी

१९ जुलै. पत्र पंधरालाच लिहून झालं. वाण अधिक लागल्याशिवाय पाठवत नाहीत, काल अधिक लागला. अनारसेही काल तळून झाले, एकही फसफसला नाही. पत्र आणि कार्ड डब्यात वरतीच ठेवलंय. वाणाचा डबा आणि पत्र वेगवेगळं कशाला, म्हणून थांबले होते. शंभू म्हणाला, स्पीड पोस्टानं परवा सकाळी पोचतंच.


कोथरूड, पुणे
९ ऑगस्ट २०२३

ती. मावशी,

डबा चोवीस तारखेला मिळाला. सोमवारी.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत मी तुझ्या फोनची वाट पाहिली. शुक्रवारी सकाळी आमोदला म्हटलं, पोस्टमन येऊन जाऊ दे, मग निघू. तो म्हणाला, पोस्टमन दुपारी येतो गं. खाली जाऊन पत्रांच्या पेटीत बघून आला तरी. पेटीत विजेचं बिल होतं. साडेदहाला आम्ही तिथे होतो.

अनारसे कुणी खाल्ले नाहीत, असं लिहिणार होते. खोटं कशाला? आमोदनं दोन खाल्ले, चांगले झालेत म्हणाला. त्यानं डबा उघडला तेव्हा पाकीट मी काढून घेतलं होतं, त्याला काही माहीत नव्हतं. मी स्वयंपाकघरात उभ्यानं वाचत होते आणि तो बाहेरून विचारत होता, "मावशीला फोन करूया का, पोचले म्हणून?"

नंतर त्याला सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "मी फुलं आणायला गेलो होतो." त्या दिवसापासून तो तेच म्हणतोय.

कार्ड घेऊन डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी दोन्ही बाजू पाहिल्या. मागची बाजू अजून कोरीच आहे मावशी, नुसते हळदीकुंकवाचे डाग. पुढच्या बाजूला रक्तगट आहे, माझा ओ, तिचा बी. म्हणाल्या, अशा जोडीत कावीळ चढू शकते. पुढच्या बाळालाही कदाचित झाली असती. "दोन-तीन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवलं असतं आणि घरी पाठवलं असतं." मग त्यांच्या लक्षात आलं की आपण "असतं" म्हणतोय. त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

आता माझं. तू एवढं लिहिलंस, तर मीही लिहायला हवं.

जूनमध्ये मी लिहिलं की मला आठवत नाही. एक गोष्ट आठवत होती. पाचवीच्या सकाळी तू तिला न्हाऊन माझ्या मांडीवर दिलंस, आणि तिनं डोळे उघडले. मी म्हटलं, "मावशी, हिचे डोळे पिवळे दिसतात का गं?" तू म्हणालीस, "हळदीचं पाणी गेलं असेल, तू नको त्या दिव्यात डोळे फोडू, झोप." मी झोपले. पाच वर्षं मला ते डोळे आठवतात. स्वप्न होतं की खरं, हे मला तुझ्याकडून हवं होतं, म्हणून तुला विचारलं. माझ्या तोंडून डॉक्टरांना "हो" म्हणायचा धीर होत नव्हता, कारण "हो" म्हटलं असतं तर मी बघितलं आणि झोपले, हेही म्हणावं लागलं असतं. तू "नव्हती" लिहिलंस आणि मला सुटल्यासारखं वाटलं. दोनदा मी माझ्या डोळ्यांपेक्षा तुझ्या शब्दावर विश्वास ठेवला. दोन्ही वेळा मला तेच सोयीचं होतं.

राग आहे का? आहे. किती दिवस पुरेल माहीत नाही. तुझा चेहरा डोळ्यांपुढे आणला की आईचा येतो, तुमचं नाक एकच आहे. त्यामुळे धड रागावताही येत नाही. सव्वा महिना तू माझे पाय दाबलेस, मला भरवलंस, आईसाठी रडू दिलंस, तेही मी विसरत नाही. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

स्पृहाला काही कळलेलं नाही. काल टॉवेल झटकला, हसली. मी हसले नाही म्हणून पुन्हा झटकायला लावला, हातानं खूण करून. तिचा हात चार ठिकाणी फिरून शेवटी टॉवेलकडे आला.

ये असं म्हणत नाही. येऊ नको असंही म्हणत नाही. तुझं तू ठरव. किती जड असतं ते बघ. आलीस तर हळद आणू नकोस आणि माझी माफी मागू नकोस, ती मला देता येणार नाही, मीच कुणाकडे मागावी ते मला कळत नाही. जे काही सांगायचं ते स्पृहाला सांग. यंत्र घालून ये, तीही काही आवाज काढते, ते ऐक. आणि खुर्चीत बसू नकोस, उभी राहू नकोस. तिच्यासमोर खाली जमिनीवर बस. तिला वर बघता येत नाही.

ऋतुजा